मदत हवी आहे: आजोबांच्या ऑर्गनचे सूर (आत वाजणाऱ्या पितळी पात्या) काढून साफ करू का? (सोलापूर)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे आजोबांचा पायाने वाजवायचा ऑर्गन आहे. हातपेटी नव्हे, अमेरिकन पद्धतीचा, ६१ पट्ट्यांचा, सुरांचे दोन संच असलेला. आजोबा हौशी संगीत नाटकांना साथ करायचे. ते गेल्यापासून १२ वर्षं तो माजघरात झाकून आहे. मला तो पुन्हा वाजता करायचाय.

घरामागे यंत्रमागाची शेड आहे. उन्हाळ्यात चादरीच्या सुताची तूस खिडकीच्या गजांवर पांढरी बसते. ऑर्गनची मागची फळी काढून बॅटरी मारली तर आतही तोच थर. चार पट्ट्या मुक्या आहेत. मधल्या सप्तकातली काळी दोन (दुसरी काळी पट्टी), बोट उचललं तरी वाजतच राहते. भाता दम धरत नाही, पाय थांबला की लगेच सूर बसतो. पेडलजवळची बनात (जाड लोकरी कापड) उंदरांनी खाल्लीय.

त्यात मी ओल्या फडक्यानं पट्ट्या पुसल्या आणि एकीवरची सेल्युलॉइडची पत्री कोपऱ्यातून सुटली. फार वाईट वाटलं.

पेटी दुरुस्त करणारे एकजण पाहून गेले. म्हणाले, सूर पितळेच्या पॉलिशनं घासू, भात्याला रेक्झिन लावू. माझं मन होत नाही. तो गोल, किंचित घोगरा आवाज गेला तर परत कुठून आणायचा? पाऊस लागायच्या आत काय करू?

प्रतिसाद:
ताई, पॉलिश अजिबात नको. सुराची पाती टोकाशी झिजली तर सूर चढतो, बुडाशी झिजली तर उतरतो. घासलेलं पितळ परत येत नाही.

तुमचं दुखणं तुसाचंच दिसतंय. हातपेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो, तुमचा ऑर्गन हवा आत ओढतो. म्हणजे खोलीतली हवा पात्यांमधूनच आत जाते, आणि तिच्याबरोबर तूसही. एका वेळी एकच सूर आकड्यानं सरळ ओढून काढा, कोरड्या मऊ ब्रशनं बुडाकडून टोकाकडे झाडा, उजेडासमोर धरून फट मोकळी आहे का बघा आणि त्याच्या त्याच खाचेत परत बसवा. अदलाबदल झाली की सगळा घोळ. पाणी नाही, तेल नाही.

काळी दोनच्या खाली चामड्याची झडप असते, तिच्यावर कचरा अडकला असेल. तो निघाला तर पट्टी आपसूक गप्प बसेल. पण आधी पट्टी बाजूला घासून अडकत नाही ना, ते पाहा.

भात्याला रेक्झिन जाड पडतं, घडीत नीट दुमडत नाही. पातळ रबरी अस्तराचं कापड हवं, आणि ते सरसानं चिकटवा. फेविकॉल नको, सरस गरम केला की सुटतो, पुढच्या माणसाला उघडता येतं. पत्रीही ओल्यानं पुसू नका. पेडलच्या फटींना आतून बारीक जाळी मारा, उंदीर तिथूनच शिरतात.

धागाकर्ती:
मनापासून आभार! आज एक मुका सूर काढला. पातीखाली पांढऱ्या सुताचा केसाएवढा धागा आडवा अडकला होता. काढून परत बसवला, पट्टी दाबली आणि सूर लागला. आई स्वयंपाकघरातून धावत आली. उरलेले तीन उद्या. भात्याचं कापड सोलापुरात कुठे मिळेल, कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा.