३९० ड्यूकला कुठलं ऑइल? क्लच घसरतोय

डिचोलीकर:
गाडी केटीएमची ३९० ड्यूक बाईक. महिन्यापूर्वी एका गॅरेजवाल्याने ‘फुल्ली सिंथेटिकच आहे’ म्हणून कारचं ५डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल ओतलं. परवा चोर्ला घाट चढताना चौथ्यात थ्रॉटल पिळला, तर आरपीएम वर आणि गाडी तिथल्या तिथे! डबा बघितला, त्यावर जासोचा (बाईकच्या ऑइलाचा जपानी दर्जा) शिक्काच नाही. जीव तुटतो हो, पैसे साठवून घेतलेली गाडी आहे. क्लच गेला का?

फोंड्याचा मिस्त्री:
बाबा, आधी ते ऑइल काढ. बाईकचा क्लच ऑइलातच बुडलेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, म्हणून प्लेटी घसरतात. १५डब्ल्यू-५०, जासो एमए२ घाल, फिल्टरही बदल. शंभरेक किलोमीटर सांभाळून चालव. तरीही घसरली तर प्लेटी बघाव्या लागतील. लगेच खर्चात पडू नकोस.

म्हापशेकर:
डबा तुझ्यासमोरच फोडायला लाव. मी तर सील स्वतः तोडतो.

डिचोलीकर:
फिलर कॅपच्या आत पांढरट साय दिसली. ही काय भानगड?

फोंड्याचा मिस्त्री:
घर ते ऑफिस चार किलोमीटरच चालवतोस ना? पावसाळ्यात इंजिन पुरतं तापतच नाही, आतला ओलावा उडत नाही. रविवारी लांब फिरवून आण. पण इंजिनावरच्या ऑइल बघायच्या काचेतलं सगळं ऑइलच दुधाळ दिसलं तर गाडी सुरू करू नकोस. कूलंट आत शिरत असेल, वॉटर पंपाचं सील तपासून घे.