आडनावावरून पिढ्यांची प्रगती मोजता येते का?

दप्तरदार:
फ्लॉरेन्समध्ये 1427 साली कर बसवण्यासाठी घरोघरची मालमत्ता लिहून घेतली गेली. बारोने आणि मोचेत्ती या अर्थतज्ज्ञांनी ती नोंद 2011 च्या करदात्यांशी आडनावावरून ताडली. तेव्हा वर असलेली बरीच आडनावं आजही वरच निघाली. आर्थिक इतिहासकार ग्रेगरी क्लार्क यांनी इंग्लंड, स्वीडनपासून बंगालपर्यंत हाच प्रयोग केला. स्वीडनमध्ये बाप-मुलाच्या उत्पन्नाचा संबंध (0 म्हणजे काहीच नाही, 1 म्हणजे पूर्ण) साधारण 0.25 धरतात, आडनावांवरून तो 0.7 च्या वर जातो. फरक किती मोठा आहे बघा : 0.25 असेल तर पणजोबांची आघाडी तीन पिढ्यांत जवळपास संपते, 0.75 असेल तर चाळीस टक्क्यांहून जास्त शिल्लक राहते. शिपायाचा मुलगा मामलेदार झाला की आपण कौतुक करतो, पण नातवाचं पुढे काय झालं ते कुणी पाहत नाही. हे महाराष्ट्रातही मोजायलाच हवं.

कृष्णाकाठ:
मोजा, पण आडनावावरून नको. बंगालात मुखर्जी-बॅनर्जी म्हटलं की कुलीन ब्राह्मण कळतो. आपल्याकडे जाधव, मोरे, गायकवाड, पवार मराठ्यांतही आहेत आणि बौद्धांतही. 'जाधवांची सरासरी' काढली तर ती नक्की कुणाची? दुसरं असं, की आडनावाच्या गटाची सरासरी घेतली की बाप-मुलातला फरक बाजूला राहतो आणि गटागटांतली दरी मोजली जाते. ती दरीही महत्त्वाची आहे, पण त्यावरून 'कष्ट करून कुणी वर येतच नाही' असा निष्कर्ष काढणं मला अन्यायाचं वाटतं.

दप्तरदार:
आडनावाचं पटलं. मग मधलं नाव घ्या. आपल्या नावातच बाप असतो, जुन्या मोडी कागदांत 'अमुक बिन तमुक' असायचं. कोतवाल बुकात जन्म-मृत्यू आहेत, शाळेच्या जनरल रजिस्टरात जात, जन्मतारीख, शाळा सोडण्याचं कारण आहे. 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने ही दप्तरं बाहेर निघाली, कुणबी नोंदींसाठी चाळली गेली. तेच कागद आजोबा-बाप-नातू जोडायला का वापरू नयेत?

गिरणगाव:
कारण जो गाव सोडून गेला तो त्या दप्तरातून गळाला. सातारा-रत्नागिरीहून लोक परळ-लालबागला गिरणीत आले, त्यांची मुलं मुंबईच्या शाळेत गेली. गावच्या रजिस्टरात उरली ती राहिलेल्यांची साखळी. आणि 'पांडुरंग विठोबा पाटील' एकाच गावात चार निघतील. चुकीचा बाप जोडला की आकडा खोटा, आणि तो खोटेपणा पुढच्या पिढीत वाढतच जातो.

रेवा:
आणि बायका? माझ्या आजीची शाळेतली नोंद आम्ही काढली. तिसरी पास, पुढे 'शाळा सोडण्याचे कारण – घरकाम'. लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं, बहुतेक पहिलं नावही बदललं. ती कुठल्याही साखळीत सापडणार नाही. आईच्या शिक्षणाने घर कसं बदलतं हे आपण रोज बघतो, आणि मोजणार मात्र फक्त बाप-लेक! मला हे मान्य नाही.

कृष्णाकाठ:
म्हणून थेट विचारून केलेली पाहणी बरी. अ‍ॅशर, नोव्होसाड आणि रॅफकिन या अर्थतज्ज्ञांनी बाप-मुलाच्या शिक्षणावरून मोजलं. भारतात एकूण चढण्याची संधी काही दशकं फारशी हलली नाही, पण आत पाहिलं तर अनुसूचित जाती-जमाती पुढे आल्या आणि मुसलमान मागे पडले. आडनावातून हे इतकं स्वच्छ दिसलं नसतं.

दप्तरदार:
पण ती पाहणी 1950 नंतर जन्मलेल्यांपुरती. शाहू महाराजांनी 1902 ला निम्म्या जागा राखीव केल्या, 1917 ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, त्याचं फळ तिसऱ्या पिढीत काय आलं ते पाहणीतून कळणार नाही. वारणेच्या दक्षिणेला कोल्हापूर संस्थान, उत्तरेला ब्रिटिश साताऱ्याचा वाळवा. पाऊस तोच, ऊस तोच, कायदा वेगळा. दोन्ही काठांवरच्या शाळांची रजिस्टरं घ्या, गळालेल्यांसाठी मुंबईच्या शाळांची जोडा, आणि रेवाताई म्हणतात तसं मुलींना माहेरच्या नावाने शोधा. काम वाढेल, पण सुरुवात इथूनच व्हावी.

गिरणगाव:
मुंबईची रजिस्टरं जोडणार असाल तर माझा विरोध निम्मा कमी. तरी चार पांडुरंगांचं काय करणार, ते आधी सांगा.