मदत हवी आहे: कॅलिपरचा लाल रंग उडालाय (सांगली-मिरज)

मंडळी, स्पोर्ट्स कारचे चार पिस्टनचे ॲल्युमिनियम ब्रेक कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) आहेत. लाल रंग विटून गुलाबी झालाय आणि ब्लीडर निपलभोवती (ब्रेक ऑइलमधली हवा काढायच्या स्क्रूभोवती) पापुद्रे सुटलेत. ब्रेक ऑइल ओघळलं की साधा रंग टिकतच नाही.

ब्रेक क्लीनर, तारेचा ब्रश, 320 चा पॉलिश पेपर, मग रबर बूट आणि पॅड सरकतात त्या जागा टेपने झाकून तीन पातळ हात, असा बेत आहे. पावडर कोटिंगची भट्टी 200 अंशांपर्यंत तापते, म्हणजे सगळे सील काढणं आलं. ते नको.

हार्डनरवाला टू-के (दोन भाग मिसळून लावायचा) इपॉक्सी रंग घ्यावा की हीटप्रूफ स्प्रे? ब्रेक ऑइल लागूनही टिकलेला कोणता? सांगली, मिरज किंवा कुपवाडला कुठे मिळेल? या पावसाळी दमटपणात दोन हातांत किती वेळ सोडावा, तेही सांगा.