स्वतःची ओळख घडवायला लोकप्रिय संगीतातली पदव्युत्तर पदवी लागते का?

पेटीमास्तर (धागाकर्ता)

दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावी मी तीस वर्षे भजनी मंडळात पेटी वाजवतो आहे. माझा भाचा लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गातो आणि जुन्या पार्श्वगायकांची गाणी इतकी हुबेहूब उतरवतो, की पंचक्रोशीत लोक त्याला त्याच्या नावाने न ओळखता त्या गायकांच्या नावाने हाक मारतात. आता त्याला लोकप्रिय संगीताच्या सादरीकरणात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे. बॉस्टनच्या बर्कली महाविद्यालयाची स्पेनमध्ये वालेन्सिया येथे शाखा असून तिथे समकालीन सादरीकरणाची एका वर्षाची पदव्युत्तर पदवी मिळते, हे त्याने मला मोबाइलवर दाखवले. अशा अभ्यासक्रमांत सूर-ताल येतो हे गृहीत धरलेले असते आणि खरा भर ‘तुझे स्वतःचे काय’ या प्रश्नावर असतो, असे तो म्हणतो. शेवटी स्वतःच्या निवडीची मैफल, ध्वनिमुद्रण आणि त्या निवडीमागचा विचार मांडणारे लेखन द्यावे लागते. ओळख ही फी भरून शिकण्याची गोष्ट आहे, हे माझ्या मनाला पटत नाही. तरीही मामा म्हणून नकार देण्याआधी जाणकारांचे ऐकावे, म्हणून हा धागा काढला आहे.

खंजिरी

नकार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. यावलीत 1909 मध्ये जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी कोणत्या महाविद्यालयात सादरीकरण शिकले होते? हाती खंजिरी, मुखी मराठी आणि हिंदी भजने आणि समोर शेतावरून थेट आलेला माणूस, एवढ्या भांडवलावर त्यांची जी शैली घडली, ती आजही मोझरीच्या परिसरात दोन ओळींत ओळखू येते. ओळख श्रोत्यांपुढे घडते. वातानुकूलित खोलीत बसून ‘मी कोण’ यावर निबंध लिहिणाऱ्याला लिहिता येऊ लागेल, पण म्हणून तो गाऊ लागेल असे नाही.

काळी एक

खंजिरी यांनी महाराजांचे उदाहरण दिले, पण वरखेडचे आडकोजी महाराज त्यांचे गुरू होते, हे मात्र गाळले. कुणीतरी समोर बसून ऐकणारा त्यांनाही लाभला होता.

मी स्वतः अशीच पदवी एका महानगरात घेतली असल्यामुळे अनुभवाचे सांगते. यवतमाळकडच्या ऑर्केस्ट्रात मी शाळकरी वयापासून गात होते आणि कॅरोकेचा ट्रॅक ज्या पट्टीत असेल त्याच पट्टीत आवाज ओढून नेत होते, कारण मूळ गायिका तिथे गायली होती. ती पट्टी माझी आहे का, हे कोणी विचारले नव्हते आणि मलाही सुचले नव्हते. पहिल्याच सत्रात शिक्षकांनी ट्रॅक बंद केला, सोबतीला फक्त बास गिटार दिली आणि एकच गाणे रोज अर्ध्या सुराने खाली आणत गायला लावले. प्रत्येक वेळचे ध्वनिमुद्रण घरी ऐकून कुठे आवाज घट्ट होतो, कुठे शब्द मोकळे होतात, याची वही ठेवायची होती. पेटीवरच्या काळी चार या पट्टीपासून निघालेली मी खालच्या काळी एकला येऊन थांबले. वही वाचताना लक्षात आले, की आजी भुलाबाईची, म्हणजे आमच्याकडे मुली फेर धरून म्हणतात ती गाणी याच पट्टीत म्हणायची. त्या गाण्यांचा विस्तार जेमतेम चार-पाच सुरांचा असतो, आणि मी वर्षानुवर्षे दीड सप्तकाची कसरत करत होते. अंतिम मैफलीतील निम्म्या रचना मी त्या चार-पाच सुरांतच बांधल्या. ऑर्केस्ट्रात आणखी दहा वर्षे काढली असती, तरी हे घडले नसते. तिथे हुबेहूब गाण्याचेच पैसे मिळतात.

वडसा नाईट

ताईंचा अनुभव खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. माझी हरकत वेगळी आहे. वेगळेपणाला गुण द्यायचे ठरले, की वेगळेपणाचाही एक गणवेश तयार होतो. गावाकडून आलेला विद्यार्थी म्हटला की परीक्षकांना त्याच्याकडून गावच हवे असते. मग कोणी गोंधळाचे संबळ आणतो, कोणी खंजिरी आणतो, मागे गिटार झंकारते, मध्ये एक आलाप येतो आणि त्या प्रकाराला ‘स्वतःचा शोध’ म्हणतात. अशा तीन मैफली मी ऐकल्या आहेत. डोळे मिटल्यावर कोणती कोणाची, हे सांगता आले नाही.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्री मांडवात बसलेले प्रेक्षक पहाटेपर्यंत हलत नाहीत आणि गाणे आवडले नाही, तर ते तोंडावर सांगतात. ऑर्गनवाला नटाची पट्टी त्याच्या घशाच्या त्या रात्रीच्या अवस्थेवरून ठरवतो. ताईंनी वहीत नोंदवले, ते आमच्याकडे दुसऱ्या अंकापर्यंत कळते.

काळी एक

गणवेशाबद्दलचा तुमचा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करते. माझ्या वर्गातही तो धोका होता आणि काही जण त्यात अडकले. पण मांडवातला प्रेक्षक निर्दय असला, तरी तो आवडलेलीच गोष्ट पुन्हा मागतो. वन्स मोअर मिळालेले गाणे बदलण्याची मुभा नटाला किती मिळते? फसण्याची सोय वर्गात असते, मांडवात नसते, एवढाच माझा दावा आहे.

शिवाय हा वाद नवा नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा घराण्याची विद्या वर्गात कशी येणार, हाच आक्षेप होता. आज आपल्या तालुक्याच्या गावी विशारदच्या परीक्षा होतात आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही.

खंजिरी

विशारद होऊन किती जणांना स्वतःची गायकी सापडली, हेही मग सांगावे. त्याहून मोठा फरक असा, की शास्त्रीय संगीताला रागाचे व्याकरण आहे, तर लोकप्रिय संगीताचा ग्रंथ म्हणजे ध्वनिमुद्रिकाच. लंडनच्या संगीतशिक्षणाच्या अभ्यासक लूसी ग्रीन यांनी या क्षेत्रातील वादकांचा अभ्यास केला, तेव्हा ते रेकॉर्ड ऐकून, नक्कल करून आणि मित्रांच्या संगतीने शिकतात, असे त्यांना आढळले. म्हणजे ज्या नकलेला आपण नावे ठेवतो, तीच या विद्येची बाराखडी आहे. भाच्याने बाराखडी गिरवली. आता त्याने चार मित्र जमवून स्वतःची गाणी बांधावीत.

काळी एक

चार मित्र कुठून जमवावेत? दर्यापूरला बास गिटार वाजवणारा आणि लग्नाची सुपारी सोडून महिनाभर तालमीला बसणारा एक माणूस मला दाखवा, मी माझा मुद्दा मागे घेते. या पदवीचा निम्मा लाभ त्या सोबत्यांचा असतो.

वडसा नाईट

हे मात्र खरे आहे. मास्तर, वालेन्सियाचा खर्च पेलणारा नसेल, तर छत्तीसगडमधल्या खैरागडचाही विचार करावा. तेथील इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय 1956 पासून आहे, लोकसंगीतही शिकवले जाते आणि गोंदियाहून डोंगरगडपर्यंत रेल्वे आहे. तिथे भाच्याला गिटारवाले मिळतील की नाही, याची चौकशी मात्र त्याने स्वतः जाऊन करावी.

पेटीमास्तर (धागाकर्ता)

सर्वांचा आभारी आहे. काल रात्री मंडळाच्या भजनानंतर भाच्याला ट्रॅक न लावता गायला सांगितले आणि मी पेटीवर एकेक पट्टी खाली येत गेलो. सफेद दोनपाशी तो मध्येच थांबला आणि म्हणाला, “मामा, हा आवाज कोणासारखा लागतो आहे, तेच कळत नाही.” खैरागडला आम्ही दोघे पोळ्यानंतर जाऊ.