पात्राच्या हातात कोणतं पिस्तूल आहे, याने खरंच फरक पडतो का?

मोजूमाप
काल रात्री 'कोलॅटरल' (२००४) पुन्हा पाहिला आणि राहवेना. माझं म्हणणं सरळ आहे: गुन्हेपटात पात्राचं पिस्तूल त्याच्या कपड्यांपेक्षा जास्त बोलतं. दिग्दर्शकाने ते 'द्या काहीतरी हातात' म्हणून दिलं, तर पात्रच पोकळ वाटायला लागतं.

टॉम क्रूझचा व्हिन्सेंट हा भाडोत्री मारेकरी. करडा सूट, करडे केस, गर्दीत कुणाच्या लक्षात राहू नये असा. हातात हेकलर अँड कॉक कंपनीचं यूएसपी पिस्तूल, पॉइंट ४५चं (म्हणजे गोळीचा व्यास सुमारे ०.४५ इंच). ना चमक, ना नक्षी, निव्वळ अवजार. गल्लीतला प्रसंग आठवा. दोन चोर त्याची ब्रीफकेस घेऊन चाललेत, एकाने पिस्तूल रोखलंय. व्हिन्सेंट डाव्या हाताने ते बाजूला उडवतो आणि उजव्या हाताने कोटाखालून काढलेलं पिस्तूल हात न लांबवता कमरेपाशीच चालवतो. मग दुसऱ्याकडे वळून दोन हातांत नीट धरतो. सगळं दोन-तीन सेकंदांत. एसएएस या ब्रिटिश विशेष सैन्यदलातल्या माजी सैनिकाकडून क्रूझने प्रशिक्षण घेतलं होतं, ते इथे दिसतं. 'मी पूर्वी कोण होतो' असं एक वाक्यही त्याला बोलावं लागत नाही.

आळशी प्रेक्षक
असहमत. तुम्ही जे सांगितलंत ते क्रूझच्या हाताचं कौतुक आहे, पिस्तुलाचं नाही. त्याच हातात दुसऱ्या कुठल्या कंपनीचं पिस्तूल दिलं असतं तर शंभरातल्या नव्व्याण्णवांना काय कळलं असतं?

आता 'गॉडफादर' घ्या (१९७२). रेस्टॉरंटच्या संडासात टाकीमागे लपवलेलं रिव्हॉल्व्हर. माफिया म्होरक्याचा मुलगा मायकेल ते घेऊन बाहेर येतो, ज्यांना मारायचंय ते सोलोझो आणि मॅकक्लस्की समोर बसलेत. सिनेमाच्या इतिहासातला एवढा गाजलेला प्रसंग, पण मॉडेल कुणाला आठवतंय? आठवते ती टोळीतल्या कसलेल्या क्लेमेन्झाने आधी दिलेली शिकवणी. चापाला आणि मुठीला चिकटपट्टी, म्हणजे ठसे उमटणार नाहीत. आवाज मुद्दाम मोठा ठेवलाय, म्हणजे बघे घाबरून लांब राहतील. आणि काम झालं की ते हातातून सोडून द्यायचं. पिस्तुलाचं नाव नाही, गाव नाही, तरी प्रसंग काळजात रुततो.

मोजूमाप
पण ते रिव्हॉल्व्हरच का, हे विचारा ना! रिव्हॉल्व्हरच्या रिकाम्या पुंगळ्या चक्रीतच (गोळ्या भरायच्या फिरत्या भागातच) राहतात, जमिनीवर पडत नाहीत. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं समोर येतं. आयुष्यात कुणावर समोरासमोर गोळी न झाडलेल्या कोऱ्या पोराला कसलेला माणूस हेच देईल. (मायकेल युद्धावरून आलाय हे मान्य, पण जेवणाच्या टेबलावर माणूस मारणं वेगळं.)

आणि 'डर्टी हॅरी' (१९७१)? स्मिथ अँड वेसनचं मॉडेल २९, पॉइंट ४४ मॅग्नम. इन्स्पेक्टर हॅरी गुंडावर ते रोखून 'मी सहा झाडल्या की पाचच?' असं विचारतो, तो डाव फक्त सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरवरच रंगतो. पंधरा गोळ्यांचं मॅगझीन असतं तर गुंडाने मोजायला बोटं कुठून आणली असती!

आळशी प्रेक्षक
बरं झालं तुम्हीच हॅरी काढलात. त्या काळी अमेरिकेतले पोलीस सहसा पॉइंट ३८ची रिव्हॉल्व्हरं वापरत. सव्वा किलोहून जड, शिकारीला शोभेल असं धूड रोज काखेत घेऊन शहरात हिंडणारा इन्स्पेक्टर म्हणजे तुमच्या 'अचूकते'ची शोकसभाच. तरी सिनेमा चालला आणि त्या मॉडेलवर लोकांच्या उड्या पडल्या. म्हणजे पडद्यावरचं सर्वांत गाजलेलं पिस्तूल चुकीचंच होतं की!

मोजूमाप
अहो, मी 'अचूक' म्हटलंच नाही, 'निवडलेलं' म्हटलं. नियमांना न जुमानणारा माणूस नियमाबाहेरचं हत्यार बाळगतो, ही निवडच झाली.

शेवंती
तुम्ही दोघं मॉडेलवर भांडताय, मला आवाज छळतात. ग्लॉक पिस्तुलाला बाहेर घोडाच (चाप नव्हे, मागचा आपटणारा खटका) नसतो, तरी पडद्यावर कुणी ते रोखलं की 'खट्' वाजतंच. आणि ती स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग! पात्र दारात शिरताना एकदा ओढतं, धमकी देताना पुन्हा, भावूक झालं की तिसऱ्यांदा. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या घरात) गोळी असताना स्लाइड ओढली की ती न झाडलेली गोळी बाहेर उडते. असं करत गेलं तर शेवटच्या मारामारीपर्यंत मॅगझीन अर्धं जमिनीवर.

सायलेन्सरचं तर विचारूच नका. पिस्तुलाचा आवाज साधारण १६० डेसिबल, चांगला सायलेन्सर त्यातले ३०च्या आसपास खातो. उरतो तोही कान किटवणाराच. पडद्यावर मात्र 'फुस्स', आणि शेजारच्या खोलीतला माणूस घोरतोय. त्यात काही महाभाग सायलेन्सर रिव्हॉल्व्हरला लावतात. चक्री आणि नळी यांच्यातल्या फटीतून वायू आणि आवाज आधीच निसटलेला असतो! १८९५चं रशियन नागान हा अपवाद, त्याची चक्री पुढे सरकून फट बुजवते.

वेताळ२
गोळी लागल्यावर माणूस काच फोडून मागे उडतो तेही जोडा. नऊ मिलिमीटरची गोळी ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३६० मीटर धरा. ७० किलोच्या माणसाला त्यातून मिळणारा धक्का सेकंदाला ४ सेंटिमीटर. एवढ्यात टोपीसुद्धा हलायची नाही.

अज्ञान निरुपद्रवी असतं असंही नाही. 'डाय हार्ड २'मध्ये (१९९०) नायक छातीठोकपणे सांगतो की ग्लॉक ७ हे चिनी मातीचं जर्मन पिस्तूल विमानतळाच्या क्ष-किरणांत दिसत नाही. ग्लॉक ७ असं काही नाहीच. कंपनी ऑस्ट्रियाची, आणि सांगाडा प्लॅस्टिकचा असला तरी स्लाइड आणि नळी पोलादी. पण ऐटीत म्हटलेलं वाक्य, लोकांनी खरं मानलं.

पडद्यामागे
मोजूमाप, तुमच्या मुद्द्याला एक काळी बाजू आहे. रिव्हॉल्व्हर समोरून दाखवलं की चक्रीतल्या गोळ्यांची टोकं दिसतात. घरं रिकामी असली तर प्रेक्षकांतले तुमच्यासारखे लगेच बोट दाखवणार. म्हणून जवळच्या दृश्यात दारू नसलेली, पण खऱ्या गोळीची नकली काडतुसं भरतात. १९९३ साली 'द क्रो'च्या चित्रीकरणात अशाच एका काडतुसातली दारू काढली होती, तळाची स्फोटक टोपी मात्र राहिली होती. तिने गोळी नळीत ढकलली, ती तिथेच अडकली. कुणी नळी तपासली नाही. नंतरच्या दृश्यात त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये नुसत्या आवाजाचं ब्लँक भरलं, त्याच्या दाबाने अडकलेली गोळी सुटली आणि चित्रपटाचा नायक ब्रँडन ली गेला. २८ वर्षांचा होता. २०२१मध्ये 'रस्ट'च्या सेटवर छायालेखिका हॅलिना हचिन्स गेली, तिथे तर रिव्हॉल्व्हरमध्ये जिवंत काडतूसच निघालं. रबरी पिस्तूल आणि संगणकावर काढलेला जाळ मला चालेल. हिणकस दिसू दे.

मोजूमाप
यावर वाद घालणार नाही. पण नळीत बॅटरी मारून बघायला एक मिनिट लागतं. तिथे कसूर सवयीची झाली, हौसेची नाही. रबरी चालेल, मात्र धरणाऱ्याला वजन ठाऊक हवं. नाहीतर खेळण्यासारखं हलवतात. 'कोलॅटरल'चा शेवट बघा (रहस्यभेद!): मेट्रोत व्हिन्सेंट सवयीने मॅगझीन बदलायला जातो, ते हातातून निसटतं, आणि आपल्याला गोळी लागलीय हे त्याला तेव्हा कळतं. चित्रपटभर चुकला नाही तो हात. म्हणून पोटात गोळा येतो.

आळशी प्रेक्षक
हा प्रसंग मान्य. पण बघा, कौतुक पुन्हा हाताचंच केलंत.

तुमच्या नादाने आत्ता 'गॉडफादर'चा तो प्रसंग लावला. बाहेर आल्याआल्या झाडायच्या असं ठरलेलं, हा पठ्ठ्या परत खुर्चीवर बसतो. झाडून झाल्यावर लगेच टाकायचं, तर टाकायला विसरतो, तसंच हातात धरून चालू लागतो. मॉडेल कोणतं ते बघायचं या वेळीही राहिलंच.