'रिप्रेझेंटेशन'ला 'प्रतिनिधित्व' म्हणायचं का?

अबोली: पन्नाशीच्या दशकातल्या हिंदी गुन्हेपटांवरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणतेय. 'रिप्रेझेंटेशन'पाशी अडले. 'हावडा ब्रिज'मधल्या (१९५८) ख्रिस्ती आणि चिनी पात्रांबद्दल 'प्रतिनिधित्व' लिहिलं, तर आईने विचारलं, "कुणी निवडून आलंय का?" 'चित्रण' लिहू?

कोरा कागद: नको. चित्रण म्हणजे कसं दाखवलं. इथे कुणी साकारलं हाही प्रश्न आहे. त्यात चँग झालेत मदन पुरी आणि अंकल जो झालेत आपले धुमाळ. 'चित्रण' म्हटलं की हे बुडून जातं.

पूतीक: 'प्रतिनिधी' हा मुळात याज्ञिकांचा शब्द. यज्ञात सोम ही वनस्पती मिळाली नाही तर तिच्या जागी पूतीक ही दुसरी वनस्पती वापरायची, ती प्रतिनिधी. आमच्याकडे पूजेत वस्त्र नसलं की आजोबा "वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि" म्हणत. मूळ वस्तू हजर नाही, म्हणून तिच्या जागी दुसरी. धुमाळांनी केलं ते शब्दशः प्रतिनिधित्वच.

अबोली: पण लेखिकेला याच्या उलट म्हणायचंय! ज्याचं त्याने दिसावं, असं.

गडवाट: पूतीक, गैरहजेरीची अट कुठून आणलीत? राजाराम महाराजांनी प्रल्हाद निराजींना 'प्रतिनिधी' केलं तेव्हा महाराज स्वतः जिंजीतच होते.

पूतीक: ते पदनाम. मी धात्वर्थ सांगतोय.

चालता बोलता: 'रिप्रेझेंटेशन'च ठेवा. माझी कॉलेजातली मुलगी रोज म्हणते, कुणाचं अडत नाही.

गडवाट: सावरकरांनी 'दिग्दर्शक' दिला तेव्हाही 'डायरेक्टर'वाचून कुणाचं अडलं नव्हतं. आज तो शब्द तुम्हीही वापरता.

मांडवीकाठ: माझे आजोबा गोव्याहून मुंबईला गेले, फिल्मी वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवलं. 'हावडा ब्रिज'चे संगीतकार ओ. पी. नय्यर, त्यांच्या कितीतरी गाण्यांचं वाद्यसंयोजन सेबॅस्टियन डिसोझांचं. पडद्यावर मात्र आमचा माणूस म्हणजे दारुडा, नाहीतर क्लबातला. वादकांची नावं श्रेयनामावलीत नसायची. आजोबा सिनेमा बघताना डोळे मिटून आपला तुकडा ऐकायचे. मला विचाराल तर शब्द 'वाटा'. प्रतिनिधी दुसरा कुणी नेमतो, वाटा आपला असतो.

अबोली: 'वाटा' आवडला. पण मग हेलन? ब्रह्मदेशात जन्म, आई बर्मी, युद्धात घर सोडून आलेली, आणि याच सिनेमात पडद्यावर 'चिन चिन चू'. हिचा वाटा कुठला धरायचा?

कोरा कागद: तिथे मलाही 'प्रतिनिधित्व' अपुरं वाटतं.

काळी माती: 'वाटा' जपून वापरा. आमच्याकडे दुसऱ्याची जमीन अर्धेलीने, म्हणजे निम्म्या पिकाच्या बोलीवर, करतात. वाटा पिकात मिळतो, सातबाऱ्यावर नाव चढत नाही.

मांडवीकाठ: आजोबांचं अगदी तेच झालं. म्हणूनच हा शब्द.

चालता बोलता: अर्धेली? आमच्या परभणीकडे बटई म्हणतात.

काळी माती: बटई वेगळी. अर्धेलीत बियाणं निम्मं निम्मं.

चालता बोलता: आमच्या बटईतही निम्मंच. बियाणं मालकाचं असतं असं तुम्हाला कुणी सांगितलं?