गायकवृंद उत्तम, पण मंडळी गप्प: काय करावं?

पेटीवाला: आमच्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतपुस्तकातली भजनं होतात. पेटी-तबला आहे, गाणारी मुलं शिकलेली आहेत. तरी मंडळी, म्हणजे जमलेले भाविक, पुस्तक उघडून नुसती ऐकते. ‘मग संगीतावर एवढा खर्च कशाला?’ असं आता कमिटीत निघतंय. दर्जा न घालवता मंडळीला गातं कसं करायचं?

काळी_पाच: आधी पट्टी बघा, म्हणजे गाण्याचा सा पेटीच्या कुठल्या सुरावर धरलाय ते. तयार गायक स्वतःच्या गळ्याला सोयीची पट्टी धरतो आणि अंतऱ्यात मंडळी सुटते. चालीतला सर्वांत वरचा सूर शोधा. बायकांच्या आवाजात तो वरच्या सप्तकातल्या पांढरी 2 च्या (पेटीची दुसरी पांढरी पट्टी, इंग्रजी D) पुढे नको. पुरुष आपोआप एक सप्तक खाली गातात. चाल तार षड्जावर (वरच्या सा वर) थांबत असेल तर सा पांढरी 1 (C) किंवा काळी 1 (C#) ठेवा. तार शुद्ध गंधारापर्यंत (वरच्या ग पर्यंत) जात असेल तर सा खालच्या काळी 5 वर (A#) आणा.
दुसरं, ध्रुवपद प्रत्येक वेळी त्याच वळणाने, सरळ गा. तिथे हरकत (सुरांची छोटी सजावट) घेतली की लोक थांबतात, कारण पुढचा सूर कुठे पडेल याचा भरवसा उरत नाही. हरकती एकट्याच्या अंतऱ्यात घ्या. आणि सुरुवातीला पेटीवर पूर्ण ध्रुवपद वाजवा, नुसता सा देऊन भागत नाही.

ठेका: सा काळी 5 वर आणलात तर साडेपाच इंची तबला तिथे उतरवू नका, ढिला बोलतो. मध्यमात (सा पासूनच्या म वर), म्हणजे काळी 2 ला लावा. पावसाळ्यात पुडी (तबल्याचं कातडं) उतरते, उपासनेआधी पुन्हा तपासा. दगडी चर्चमध्ये आवाज घुमतो, तिथे द्रुत केरव्याचा (आठ मात्रांच्या तालाचा) नुसता गोंगाट होतो. लय कमी करा, बायाँचा (डग्ग्याचा) माइक काढा. मागे स्पीकर असेल तर पुढच्या स्पीकरपासून दर मीटरला सुमारे 3 मिलिसेकंद डिले द्या, म्हणजे मागचा आवाज तेवढा उशिरा सोडा, नाहीतर मागचे बाक गोंधळतात.

वसईकर: खर्चाच्या वादाबद्दल. आम्हा कॅथलिकांकडे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1963 च्या उपासनाविषयक संविधानात 114 वं कलम आहे: गायकवृंद जोपासा आणि सर्व भाविकांचा सहभागही साधा. दोन्ही एकाच कलमात! ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी भजनांसाठी अभंग-ओवी घेतली तीही लोकांच्या तोंडी बसलेली होती म्हणून, असं मला वाटतं. तेव्हा नव्या माइकपेक्षा तालमीवर खर्च करा. नवं गाणं महिन्याला एकच. उपासनेआधी दहा मिनिटं वाद्यांशिवाय, ओळ-ओळ म्हणवून घ्या आणि सलग चार रविवार तेच ठेवा.